इंद्रायणीतल्या माशांची मराठी नावे जगभर पोहोचवणारा ब्रिटिश कर्नल: कोण होते विल्यम साइक्स?

देहूच्या घाटावर पाण्यात मुरमुरे किंवा कणकेच्या गोळ्या टाकल्या की डोहातले मोठे मासे वर येतात. वारकऱ्यांसाठी हे देवाचे मासे. त्यांना कुणी पकडत नाही आणि खातही नाही. या माशांना आपण महाशीर म्हणतो. विज्ञानाच्या पुस्तकात दख्खनच्या महाशीराचे नाव आहे टॉर खुद्री. त्यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही आणि इंग्रजीही नाही. तो पुणे परिसरात बोलला जाणारा शब्द होता. सुमारे २०० वर्षांपूर्वी एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो ऐकला आणि जसा कानावर पडला तसा रोमन लिपीत लिहून घेतला.

त्या अधिकाऱ्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. इंद्रायणी, मुळा-मुठा, भीमा आणि घोड या नद्यांमधल्या अनेक माशांची शास्त्रीय नावे त्यांनी दिलेली आहेत. इंद्रायणीतल्या माशांच्या मृत्यूच्या आणि नदीवरच्या फेसाच्या बातम्या वारंवार येत असताना या नावांमागची गोष्ट समजून घेणे उपयोगी ठरेल. कारण ज्या माशाचे नाव चुकते, त्याच्या संरक्षणाचा हिशेबही चुकतो.

साइक्स भारतात कधी आले?

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत ते १८०३ मध्ये दाखल झाले, म्हणजे वयाच्या अवघ्या तेराव्या-चौदाव्या वर्षी. मुंबई सैन्यात त्यांची नेमणूक झाली. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला घातलेल्या वेढ्यात ते होते.

पुण्याशी त्यांचा संबंध आला तो युद्धातून. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीचे सैन्य समोरासमोर आले. या लढाईत आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साइक्स यांच्याकडे हिंदी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व होते. पेशवाई संपली, दख्खन कंपनीच्या ताब्यात आले. आज पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे जाताना लागणारी खडकी ती हीच.

१८१९ मध्ये ते कॅप्टन झाले. त्यानंतर दीर्घ रजा घेऊन त्यांनी युरोपात प्रवास केला. १८२४ मध्ये एलिझाबेथ हे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते परत आले. या वेळी त्यांच्यासाठी वेगळेच काम वाट पाहत होते.

सैनिकाकडे मासे मोजायचे काम कसे आले?

त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनमध्ये नेमके काय आहे, याची माहिती कंपनीला हवी होती. गावे किती, लोक किती, जमीन कुणाची, पिके कोणती, पाऊस किती, सारा कसा बसवायचा, असे अनेक प्रश्न होते. त्यासाठी एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांना सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमले. आजच्या भाषेत सांगायचे तर हा सरकारी डेटा गोळा करण्याचा प्रकल्प होता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्यांच्या कामाच्या कक्षेत होते.

हा डेटा निरुपद्रवी नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे. ज्याला देशाची मोजदाद करता येते, त्याला महसूल वसूल करता येतो. साइक्स यांचे काम राज्य चालवण्यासाठीच होते.

पण मोजता मोजता त्यांची नजर रुंदावत गेली. हवेचा दाब दिवसातून किती वेळा चढतो-उतरतो याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. दख्खनच्या हवामानावरचा त्यांचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी लिहिले. रानातल्या रेशीमकिड्यावर लिहिले. पक्षी, प्राणी जमवले. शेताच्या बांधावर आणि तळ्याकाठी दिसणारा ढोकरी बगळा, म्हणजे वंचक, याचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा साइक्स यांनीच १८३२ मध्ये केले. माळरानावरच्या तुरेवाल्या चंडोलाला तर आजही साइक्सचा चंडोल म्हणतात.

यातले सर्वांत टिकाऊ काम झाले ते माशांचे.

१८२९ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे पद रद्द झाले. पण काम अर्धवट सोडायची त्यांची तयारी नव्हती. लष्करी कामातून सुटी मागून त्यांनी पुढचे वर्षभर बिनपगारी काम केले आणि जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे केले. मग ते इंग्लंडला गेले ते कायमचे. १८३३ मध्ये ते कर्नल या हुद्द्यावर निवृत्त झाले. म्हणजे कर्नल साइक्स म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते नदीकाठी मासे गोळा करत होते तेव्हा कॅप्टन आणि पुढे मेजर होते.

त्यांनी माशांना मराठी नावे का दिली?

आधी नाव देण्याची पद्धत थोडक्यात समजून घेऊ. प्रत्येक सजीवाचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीगटाचा, दुसरा त्या विशिष्ट जातीचा. माणसांच्या बाबतीत आडनाव आणि नाव असते तसे. पहिला शब्द संशोधन पुढे गेले की बदलू शकतो, कारण माशाचे घराणे बदलते. दुसरा शब्द मात्र सहसा कायम राहतो आणि ज्याने तो आधी छापला, त्याचा मान पहिला.

याची गरज का पडते, हे मासळी बाजारात गेले की कळते. कोकण किनाऱ्यावर ‘कुपा’ किंवा ‘गेदर’ म्हटले की टूना आणि बोनिटो या गटांतले एकाहून अधिक प्रकारचे मासे त्यात येतात. उलट एकाच माशाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात. व्यवहाराला ते चालते. पण कोणता मासा कमी होतोय, कोणत्या माशाची पकड थांबवायची, हे ठरवताना एका माशाला एकच नाव लागते.

साइक्स यांच्यापुढे एक नमुना होता. बंगालमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. त्यात त्यांनी स्थानिक नावेच शास्त्रीय नावे म्हणून वापरली होती. रोहू माशाचे लाबिओ रोहिता हे नाव त्यातूनच आले. साइक्स यांनी हीच वाट दख्खनमध्ये धरली. नदीकाठी ताजे मासे मिळवायचे, मोजमाप घ्यायचे, त्यावरून चित्र करायचे आणि मच्छीमार त्याला काय म्हणतात ते लिहून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती.

त्यामुळे त्यांची यादी वाचताना मराठी माणसाला ओळखीचे आवाज ऐकू येतात. स्पेलिंग जुन्या वळणाचे आहे. मुळा-मुठेचे तिथे ‘मोटा मोला’ झाले आहे, इंद्रायणीचे ‘इंदरानी’ आणि दख्खनचे ‘डखन’. पण नावे आपलीच आहेत:

• सीनघाला: म्हणजे आपला शिंगाळा. आजचे शास्त्रीय नाव स्पेराटा सीनघाला.

• सींगटी: शिंगटी. आजही गोड्या पाण्यातल्या मासळीच्या पाटीत दिसते. शास्त्रीय नाव मिस्टस सींगटी.

• गोगरा: घोगरा किंवा घोगऱ्या. शास्त्रीय नाव रिटा गोगरा.

• नुक्ता: नकटा. याच्याबद्दल पुढे सविस्तर.

• कोलस, मुल्या, बोगट, फुलुंगी, खुद्री: हीसुद्धा तशीच कानावरून उतरवलेली नावे. रोमन लिपीतून परत आणताना मूळ उच्चार थोडा इकडेतिकडे होतो, इतकेच.

हा सगळा निबंध १८३८ च्या अखेरीस लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला, १८३९ मध्ये थोडक्यात छापला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर आला. म्हणूनच आज या माशांच्या शास्त्रीय नावानंतर कंसात ‘साइक्स, १८३९’ असे लिहिलेले दिसते. कंसाचा अर्थ असा की जातीचे नाव साइक्स यांचे आहे, पण त्यांनी माशाला ज्या गटात ठेवले होते तो गट नंतर बदलला.

कुणाची नावे लागली, कुणाची नाही?

सगळीच नावे मराठी नव्हती. काही माशांना साइक्स यांनी आपल्या ओळखीच्या मोठ्या माणसांची नावे दिली. ईल जातीच्या लांबोळक्या माशाला गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ते नाव पुढे टिकले नाही, कारण तो मासा आधीच नाव मिळालेल्या जातीचा निघाला. झूलॉजिकल सोसायटीचे विल्यम ओगिल्बी आणि निकोलस व्हिगर्स, ब्रिटिश म्युझियमचे जॉन चिल्ड्रेन यांची नावे मात्र आजही दख्खनच्या माशांना चिकटलेली आहेत.

यातली तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. मासे पकडून आणणारे, कोणता मासा कुठल्या खळग्यात सापडतो हे जाणणारे आणि त्याचे नाव सांगणारे इथले कोळी आणि भोई होते. त्यांचे शब्द जगाच्या शास्त्रात गेले. त्यांच्यापैकी कुणा एकाचे नाव माशाला मिळाले नाही. ज्यांनी हे मासे नदीत कधी पाहिलेही नव्हते, त्यांना ते मिळाले. साइक्स यांच्या काळाची ही रीतच होती. तरीही दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्यांनी बहुतेक ठिकाणी मराठी नाव पुसून लॅटिन नाव घातले नाही. तसे केले असते, तर पुणे परिसरातल्या नद्यांवरचे काही शब्द आज कदाचित कुठेच सापडले नसते.

इंद्रायणीतला ‘नकटा’ काय आहे?

साइक्स यांच्या यादीतला सर्वांत विचित्र दिसणारा मासा इंद्रायणीतला आहे. पुण्याच्या उत्तरेला १८ मैलांवर, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरवर, इंद्रायणीत तो मिळाल्याची नोंद आहे. आजच्या नकाशावर हा देहू, आळंदी, चाकण हा पट्टा.

या माशाच्या थोबाडावर आडवी खाच असते. त्यामुळे नाक दुभंगल्यासारखे, बसल्यासारखे दिसते. म्हणून नाव नुक्ता, म्हणजे नकटा. साइक्स यांनी त्याला सायप्रिनस या तेव्हाच्या मोठ्या गटात ठेवले होते. पुढे १८५५ मध्ये डच अभ्यासक पीटर ब्लीकर यांनी त्याच्यासाठी वेगळा गट केला. त्या गटाच्या ग्रीक नावाचा अर्थही दुभंगलेले थोबाड असाच होतो. म्हणजे मच्छीमारांनी जे एका शब्दात सांगितले होते, तेच शास्त्राने ग्रीकमध्ये पुन्हा सांगितले.

कृष्णा नदीच्या खोऱ्यात आढळणारा हा मासा आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवलेला आहे.

एक नाव चुकले तर काय बिघडते?

साइक्स यांच्या कामात एक मोठी उणीव राहिली. त्यांनी वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. शिल्लक आहे ते लिखित वर्णन आणि चित्रे. नमुनाच नसेल तर नाव नेमके कोणत्या माशाचे, यावर पुढे वाद होतो. तसा तो झाला.

साइक्स यांनी शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला ‘मुसुल्ला’ नाव दिले होते. विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात, भारतातले नामवंत मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी हे नाव पाठीवर कुबड असलेल्या महाशीराशी जोडले. पुढची अनेक वर्षे कावेरी नदीतल्या प्रसिद्ध कुबड्या महाशीरालाही लोक याच नावाने ओळखत राहिले. हा महाशीर जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक.

२०१३ मध्ये संशोधकांनी साइक्स यांचे मूळ वर्णन पुन्हा तपासले. मुसुल्ला हा महाशीर नाहीच, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातला मासा आहे, असा निष्कर्ष निघाला. परिणाम असा झाला की कावेरीतला तो प्रसिद्ध मासा एका क्षणात बिननावाचा झाला. लाल यादीत धोक्याची श्रेणी मिळते ती नाव असलेल्या जातीला. नाव नाही म्हणजे नोंद नाही.

२०१८ मध्ये हा गुंता सुटला. कावेरीतला कुबड्या महाशीर म्हणजे २००७ मध्ये केरळच्या पांबर नदीतून वर्णन केलेला टॉर रेमादेवी हाच आहे, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी तो लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. तोवर नदीत त्याची संख्या फार घटली होती.

या गोष्टीचे एक टोक आपल्याकडेही येते. इंद्रायणीचा उगम ज्या लोणावळा परिसरात होतो, तिथेच वळवण येथे टाटा पॉवरचे मत्स्यकेंद्र आहे. १९७० च्या दशकापासून तिथे खुद्री महाशीराची कृत्रिम पैदास होते. हे पिल्लू देशभरातल्या नद्या-तलावांत सोडले गेले. महाशीर वाचवावा, हाच त्यामागचा हेतू होता. पण कावेरीसारख्या नदीत स्थानिक महाशीर वेगळा होता. बाहेरून आणून सोडलेले मासे हे तिथल्या कुबड्या महाशीराच्या ऱ्हासाचे एक कारण असल्याचे संशोधक मानतात. सगळे महाशीर एकच, असे समजून चालले की असे होते. कोणता मासा कोणत्या नदीचा, हा प्रश्न म्हणूनच फक्त पुस्तकातला नाही.

इंग्लंडला गेल्यावर साइक्स यांनी काय केले?

निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य लंडनच्या सार्वजनिक जीवनात गेले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ मध्ये तिचे अध्यक्षही झाले. १८३७ मध्ये त्यांनी दख्खनच्या चार जिल्ह्यांचा सांख्यिकी अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

ज्या कंपनीत ते पोरवयात भरती झाले होते, तिच्या संचालक मंडळावर १८४० मध्ये त्यांची निवड झाली. १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून कारभार थेट ब्रिटिश सरकारकडे गेला. साइक्स १८५७ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीनमधून संसदेवर निवडून आले होते. ती जागा त्यांनी मृत्यूपर्यंत राखली. चीनमधल्या ताइपिंग बंडखोरांची बाजू मांडणाऱ्या मोजक्या ब्रिटिश राजकारण्यांत त्यांची गणना होते.

१६ जून १८७२ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात साइक्स यांच्या अनेक नावांची छाननी झाली. काही नावे बाद झाली, काही दुसऱ्या नावांत विलीन झाली. तरीही खुद्री, कोलस, सीनघाला, गोगरा, नुक्ता ही नावे आज १८० हून अधिक वर्षांनंतरही चालू आहेत.

देहूसाठी याचा अर्थ काय?

देहू असो, आळंदी असो किंवा महाडजवळचा वाळणकोंड, देवाचे मासे म्हणून लोकांनी राखलेल्या डोहांनी महाशीराला आसरा दिला. हे काम कायद्याच्या आधीपासून श्रद्धेने केले. पण श्रद्धा गळापासून आणि जाळ्यापासून वाचवते. पाण्यात मिसळणाऱ्या सांडपाण्यापासून नाही. इंद्रायणीच्या काठी आता पिंपरी-चिंचवडची वस्ती आहे, चाकणचा औद्योगिक पट्टा आहे. घरगुती आणि औद्योगिक सांडपाणी नदीत येते. आळंदीत पाण्यावर पांढरा फेस दिसतो आणि देहूत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत.

अशा वेळी साइक्स यांची यादी हा एक जुना हिशेब म्हणून उपयोगी पडते. कारखाने, धरणे आणि शहर येण्याआधी या नद्यांमध्ये कोणकोणते मासे होते, हे त्यात लिहून ठेवलेले आहे. आज केलेल्या पाहणीशी ती ताडून पाहिली की काय गेले आणि काय उरले, याचा अंदाज येतो. नदी सुधार प्रकल्पाचे यश घाटाच्या सुशोभीकरणावरून मोजायचे की पाण्यातल्या माशांवरून, हा प्रश्नही त्यातूनच पुढे येतो.

नकट्या माशाचे नाव जगभरच्या मत्स्यकोशांत कायम राहील, कारण ते छापले गेले आहे. ज्या नदीतून ते नाव मिळाले, तिथे तो मासा राहू शकेल इतके पाणी स्वच्छ ठेवणे हे मात्र छापून होणारे काम नाही. ते महापालिका, कारखाने, प्रदूषण नियंत्रण यंत्रणा आणि काठावर राहणारे आपण सगळे यांच्या हातात आहे.